टोपी खाणारं खेचर आणि माझं अपील

खेचराने मेजरसाहेबांची टोपी तोंडात धरली आहे आणि साहेब त्याच्या मागे बर्फातून पळत आहेत, एवढं सांगून मी थांबलो. इथे मी नेहमी थांबतो. हशा पिकायला जरा वेळ द्यावा लागतो. संत्र्याच्या बगीच्यात खुर्च्या मांडलेल्या, नागपूरहून आलेले पाहुणे, पुढ्यात सोललेली संत्री, आणि चौकीदाराच्या टोपीत उभा मी, दोन्ही हातांनी खेचराचे कान करून दाखवणारा.

तेवढ्यात माझ्या मागे सुतळी बॉम्ब फुटला.

पुढचं मला ऐकून माहीत आहे. मी टेबलाखाली शिरलो. ताटं पडली. "गाडी रोको, गाडी रोको" असं ओरडत होतो म्हणे. भानावर आलो तेव्हा समोर पाहुण्यांचे बूट होते. हसण्याने हलणारे. आणि माझी पँट ओली होती.

बॉम्ब मालकांनीच लावला होता. वानरं हाकलायला आणलेल्यांपैकी एक. "पाहा, पाहा, सरहद्दीवरचा वाघ!"

मी काय केलं? बाहेर आलो. टाच आपटली. सॅल्यूट ठोकला. "मॉक ड्रिल समाप्त, साहब!" टाळ्या पडल्या. मग पाण्याचा तांब्या उचलताना धडपडल्यासारखं केलं आणि सगळं पाणी पँटवर घेतलं. पुन्हा टाळ्या.

मालक हसले, त्याची लाज मला कमी वाटते. हसायला वाक्य मी पुरवलं, त्याची जास्त. कारण त्या दिवसापासून तो खेळच ठरून गेला. पाहुणे आले की हाक यायची, "फौजी, मॉक ड्रिल दाखव!" कधी बॉम्ब, कधी नुसती जोराची टाळी. मी दाखवायचो. दरवेळी थोडं नवीन घालून. कलावंत आहे ना मी.

फौजेत मी ड्रायव्हर होतो. आमच्या ताफ्यातली पुढची गाडी सुरुंगावर गेली. तिच्या मागची माझी होती. हा किस्सा मी कधीच कुणाला सांगितला नव्हता. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला की बोटं उघडायची नाहीत. दवाखाना झाला, मनाचा आजार म्हणून शेरा झाला, मुदतीआधी घरी आलो. अपंगत्व पेन्शनचा अर्ज केला, तर उत्तर आलं: हा आजार सेवेमुळे झालेला नाही, माणसाच्या स्वभावातलाच आहे.

स्वभावातला! आमच्या सौंसरच्या बसस्टँडवर जाऊन विचारा माझा स्वभाव. चहावाला चहा गाळायचा थांबून हसायला लागेल.

मी अपील केलं. आणि फौजी माणसाची खोड नडली. आम्हाला कागद नेहमी चांगला लागतो. मालकांकडून दाखला घेतला, मजकूर मीच सांगितला: हसतमुख, निडर, कामात तरबेज, प्रकृतीची कोणतीही तक्रार नाही. असा झकास दाखला आमच्या तालुक्यात कुणाला मिळाला नसेल. तो मी अपिलाच्या कागदांवर सगळ्यात वर लावला. डॉक्टरांच्या बोर्डापुढे जाताना दाढी गुळगुळीत केली, बुटांत तोंड दिसेल इतके ते घासले.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "कैसे हो?"

"एकदम ठीक, साहब!"

नोकरीभर या प्रश्नाला हेच उत्तर दिलेलं. तोंडातून दुसरं निघालंच नाही.

"फिर तकलीफ क्या है?"

मला घाम फुटला. घाम फुटला की मला किस्सा सुचतो. मी खेचर सांगितलं. कानांसकट. तिन्ही डॉक्टर हसले, एकाने तर चष्मा काढून डोळे पुसले. साहेबांनी वरचा दाखला पुन्हा एकदा वाचला आणि मान हलवली.

अपील नामंजूर. टोपीनंतर खेचराने माझं अपील खाल्लं. चारा मीच घातला होता.

आता उरलं जबलपूरचं न्यायाधिकरण. वकील म्हणाले, रोज पाहणाऱ्यांच्या साक्षी आणा. एक घरातली, एक कामावरची.

बायको आठवी शिकलेली. दोन दिवस लिहीत होती. मग कागद माझ्यापुढे ठेवला. "वाचा. चुकलं असंन तर सांगा."

लिहिलं होतं: "आमच्या घरी नऊ वर्षांपासून कुकर नाही. शिट्टी झाली की हे ओट्याखाली बसतात. म्हणून कुकर मी माळ्यावर टाकला. शेजारी सांगितलं की यांना गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात शिजवलेलंच वरण लागते. हे बाहेर सगळ्यांना हसवतात. घरी हसत नाहीत."

कुकरच्या वरणाला नाक मुरडून दाखवणं हा माझा चौकातला हुकमी एक्का होता. लोक म्हणायचे, फौजीची जीभ नवाबाची. त्या जिभेसाठी ती रोज तासभर पातेल्यापुढे उभी राहायची आणि बायकांचे टोमणे खायची, नवऱ्याचे लय लाड करून राहिली म्हणून.

"असे काऊन पाहून राहिले?" तिने विचारलं.

"बगीच्यातलं नाही लिहिलं?"

"ते तुमी लिहून आणा." ती उठली. जाता जाता म्हणाली, "ते पँट मीच धुतली होती. पाण्याले वास नसते."

दुसऱ्या दिवशी बगीच्यात गेलो. पाहुणे होतेच.

"मालक, नवा दाखला पाहिजे. बॉम्ब फुटला की माझं काय होते, तेवढंच लिहा."

"अबे, ते तर तू नाटक करून राहिला होता ना?"

"पहिल्या वेळी नव्हतं."

ते पाहुण्यांकडे वळले. "पाहा, कसा धडधाकट गडी आहे. याच्या लोकाईले सवलतीची सवयच लागली. आता पागलपणाचीबी सवलत पाहिजे!"

आम्ही बौद्ध. याचे लोक म्हणजे कोण, ते तिथे कुणाला समजावावं लागलं नाही.

"देतो दाखला," मालक म्हणाले. "पहिले मॉक ड्रिल दाखव." आणि त्यांनी टाळी वाजवली.

माझे गुडघे वाकले. खरंच वाकले. मी टेबलाची कड धरली आणि उभा राहिलो.

"त्या दिवशी मी मुतलो होतो," मी म्हणालो. "तांब्या मंग सांडला. पुढच्या गाडीत माझे चार सोबती होते. मी मागून पाहिलं. दाखला राहू द्या, मालक."

कुणी हसलं नाही. टोपी काढून संत्र्यांच्या सालींवर ठेवली आणि आमच्या गावापर्यंत, रामाकोन्यापर्यंत, पायी आलो. बहादुरी वगैरे काही वाटली नाही. ओल्या पँटने भर बाजारातून चाललो आहे, असं वाटत होतं.

कामावरची साक्ष मिळाली नाही. म्हणून ती मीच लिहिली आहे, ही. आधीचा दाखला खोटा होता आणि त्याचा मजकूर माझा होता. टेबल, तांब्या, पँट, सगळं लिहिलं. लिहिताना कान तापले. खाली सही केली.

जबलपूरहून पुन्हा डॉक्टरांपुढे पाठवतील, तेव्हा बूट घासणार नाही. बायको शेजारी बसेल. विचारतील, "कैसे हो?" मी म्हणेन, "ठीक नहीं हूं, साहब." मग पुढच्या गाडीचं सांगेन. चौघांची नावं घेऊन.

नामंजूर करायचं तर करोत. या वेळी हसत हसत करता येणार नाही.