माझ्या आवाजातलं पुस्तक

माझा आवाज मुलुंडमध्ये अजून पुस्तकं वाचतो. मी मात्र बोलू शकत नाही. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. आता मी गळ्यावरच्या भोकातून श्वास घेते आणि त्यावर पातळ रुमाल बांधते.

त्याआधी बरीच वर्षं मी मुलुंडच्या एका केंद्रासाठी, दृष्टिहीन वाचकांकरता, पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असे. बेडरूमचं दार लावायचं, पंखा बंद करायचा, खिडकीवर गोधडी टाकायची आणि घामाघूम होत वाचायचं. चित्र आलं की ‘चित्र सुरू’ म्हणून ते शब्दांत सांगायचं, मग ‘चित्र संपलं’ म्हणून पुढे जायचं. पान उलटताना ‘हं’ म्हणायची मला खोड होती. केंद्रातले लोक ते ‘हं’ कापत, तरी काही सुटायचेच.

ऑपरेशन ठरलं तेव्हा केंद्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमचं रेकॉर्डिंग इतकं आहे की कॉम्प्युटर तुमच्या आवाजात नवी पुस्तकं वाचेल. मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं, काय मोठं मन. कसलं मन! आपलं काहीतरी मागे राहावं, एवढीच हाव होती.

बरी झाल्यावर मी केंद्रातच कॉम्प्युटरने वाचलेली पुस्तकं तपासायला बसू लागले. समोर पुस्तक आणि कानात मीच. पहिल्या दिवशी खोल समुद्रातल्या माशांबद्दलचं पुस्तक होतं, मी कधी उघडलंही नव्हतं, आणि कानातली ती ते माझ्याच मास्तरणीच्या सुरात समजावून सांगत होती. अडखळत नव्हती, पाणी पीत नव्हती. मग एका वाक्याच्या ऐन मध्यात ती म्हणाली, ‘हं.’ पुस्तकात तिथे काहीच नव्हतं. आतून कुणीतरी काही विचारावं आणि तिने उत्तर द्यावं, तसं. मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं, बंद.

एका दुपारी भांडुपहून एक ताई केंद्रात आल्या. जन्मापासून दृष्टी नाही, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या, मूळच्या मालवणकडच्या. घरात एकट्या. माझी सगळी पुस्तकं ऐकलेली, पण आम्ही कधी भेटलो नव्हतो. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की वाचणारी बाई गेली का?

केंद्राच्या बाईंनी सगळं समजावलं. वाचणारी जिवंत आहे, इथे तुमच्या शेजारीच बसलीय, वाचतो तो कॉम्प्युटर. ताईंचा विश्वास बसेना. माझ्या मोबाइलवर टाइप केलेलं त्याच आवाजात बोललं जातं. मी घाईघाईने लिहिलं आणि बटण दाबलं.

“मी इथेच आहे, ताई.”

त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. वेडीच मी, मला कळायला हवं होतं. मोबाइल ठेवला, त्यांचा हात धरला आणि माझ्या गळ्याशी नेला. रुमालाखाली बोटांना ऊब लागली तशी त्यांची बोटं थबकली. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

“श्वास हयसून येता होय?” त्या हळूच म्हणाल्या. मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, “रागावू नको गो बाय. आवाज तुझोच आसा, पण तू त्यात नाय.”

ती पुस्तकं लावली की घरात कुणीतरी वावरतंय असं वाटतं, म्हणून त्यांनी ऐकणंच सोडलं होतं. दिवसभर रिकाम्या घरात बसून राहायच्या. कुठलाही दुसरा आवाज द्या, म्हणाल्या, साधा मशीनचा द्या, पण हा नको.

मला संताप आला. माझं म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि तेही नको? पण ताई खोटं बोलत नव्हत्या. त्या कपाटाकडे वळून बघणारी मीच होते ना? घरी जाताना रस्त्यातच मी बाईंना मेसेज केला, की माझा आवाज पुसून टाका, सगळीकडचा.

आमचं दार लोटलेलं होतं. ढकलणार, तोच स्वयंपाकघरातून मी बोलले.

“अहो, चहा टाकलाय. येताय ना?”

मी दारावरचा हात मागे घेतला. फटीतून पाहिलं. हे टेबलाशी एकटेच बसले होते, समोर मोबाइल, डोळे मिटलेले. माझ्या आवाजाची सोय यांच्याही मोबाइलवर होती; पण कधीपासून हे असं वाक्य लिहून ऐकत होते, मला पत्ताच नव्हता. ऑपरेशनपासून माझ्याशी मोठ्याने, सावकाश बोलतात, जशी काही मी बहिरी झालेय. आता मात्र ते पूर्वीच्या, अर्धवट झोपेतल्या आवाजात म्हणाले, “आलो गं.”

आणि खरंच उठले.

मला रडू आलं, तेही आवाज न होता, गळ्यातून नुसती हवा जात होती. मी पुन्हा बाईंना लिहिलं, पुसू नका, ताईंना तेवढा दुसरा आवाज द्या. मग दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर जिन्यात उभी राहिले. आत जाऊन काय करणार होते? घरात मी आधीच होते.