तिठ्यावरचं गाऱ्हाणं

पन्नासच्या दशकात मी मुंबईला निघालो तेव्हा तळेऱ्याच्या तिठ्यावर एक वड आणि त्याखाली नारळ विकणारा एक म्हातारा, एवढंच होतं.

गाडी आली की तो मुंडासं काखोटीला मारायचा आणि हातात नारळ धरून, मुंबईला जाणाऱ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचा. मी नाव सांगू लागलो तर डाफरला, “देव वळाखता तुका. गप उभो रव!”

मग डोळे मिटून म्हणाला, “बा देवा म्हाराजा, ह्येका पोटापाण्याक लाव, पन ह्येचे पाय परत हयच हाड रे म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला भोवतालच्यांनी “होय म्हाराजा!” म्हणायचं असतं, पण म्हणायला दुसरं कोणीच नव्हतं. शेवटी गाडीतून कंडक्टरने ओ दिली.

काही वर्षांनी देवाने माझे पाय खरंच परत इथे आणले आणि मी वडाजवळ शिवणयंत्र मांडलं. मग शेजारी सायकलवाला आला, पुढे भाताची गिरण, खाणावळ. सगळे मुंबईहून परतलेले. म्हातारा तोवर वारला होता.

हमरस्त्यामुळे तळेरं वाढलं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे! आम्ही दरवर्षी वडाखाली त्या म्हाताऱ्यासाठी गाऱ्हाणं घालतो. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. देव वळाखता. आणि “होय म्हाराजा!” म्हणायला आता अख्खा बाजार उभा असतो.