केअर ऑफ सबनीस

खाली टॅक्सीवाला हॉर्न मारत होता आणि वर बाबा आमच्या दाराशी स्टुलावर चढून स्क्रू काढत होते. ठाण्यातला, कोलशेतचा आमचा फ्लॅट दुसऱ्या दिवशी भाडेकरूच्या ताब्यात जाणार होता. बॅगा लिफ्टमध्ये, नितीन घामाघूम, ओवी गळ्यात पासपोर्टचं पाकीट अडकवून रडायच्या बेतात, आणि बाबांचं आपलं चाललेलं, "थांबा जरा, हा शेवटचा घट्ट बसलाय." मी वैतागून म्हटलं, बाबा, राहू द्या ती पाटी, विमान काय आपल्यासाठी थांबणारे का? त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "त्याच्या दारावर आपलं नाव कशाला? आणि तिकडे तुमच्या दारावर काय लावणार?"

पाटी सागवानी, वर पितळी अक्षरं. नितीन गावडे, खाली स्मिता गावडे, दोन्ही नावं एकाच मापात. ते मापही बाबांनी स्टेशनजवळच्या पाटीवाल्याशी भांडून करून घेतलेलं, कारण तो माझं नाव बारीक अक्षरात घालायला निघालेला. मी लहान असताना आम्ही कोपरीच्या खोलीत राहायला गेलो, तेव्हा आई स्टोव्ह पेटवायला बसली आणि बाबा म्हणाले, "आधी पाटी, मग चहा." त्यावरून आईने त्यांना पुढे आयुष्यभर टोमणे मारले. तर ती आमची पाटी त्यांनी जुन्या पंच्यात गुंडाळली आणि माझ्या हातातल्या बॅगेत कोंबली. त्यापायी ओवीचा स्वेटर बाहेर राहिला.

हे मी कोपरीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांसाठी लिहितेय, ज्यांना माझ्याशी फोनवर 'काय मग, मजा आहे ना' याच्यापुढे काही बोलायचं नसतं. आणि मानपाड्याच्या एका मुलीसाठी लिहितेय, जिचा परवा मला फोन आला. तिचं पुढे सांगते.

नितीनच्या कंपनीने त्याला गोथेनबर्गला पाठवायचं ठरवलं आणि पगाराचा आकडा फुटला, तेव्हा सगळ्या नातेवाइकांचं गणित एकदम सुधारलं. क्रोनरचे रुपये करायला कोणी चुकलं नाही. इथे किती जातात ते मात्र कोणी विचारलं नाही. पगारातला मोठा लचका टॅक्स नेतो, त्याहून मोठा घरभाडं, उरलेल्यात थंडीचे बूट. कोथिंबीर इथे कुंडीसकट विकतात, आणि घरी आणली की आठवड्यात मान टाकते. नितीनचे केस मी कापते, पहिल्यांदा कापले तेव्हा तो ऑफिसच्या मीटिंगला टोपी घालून बसलेला. नळ गळला तर भांडं ठेवायचं आणि आधी व्हिडिओ बघून स्वतः प्रयत्न करायचा. ओवीची शाळा फुकट, शाळेतलं जेवण फुकट, तिला ताप आला तर डॉक्टर फुकट, हे मान्य करते. शिव्या द्यायला बसले असले तरी खोटं बोलणार नाही. पण माझी मावशी जेव्हा म्हणते, "तुम्हाला काय गं, तुमचं तिकडे छान चाललंय," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

घर. सगळं तिथेच अडलं. इथे भाड्याच्या घराला रांग असते, आणि त्या रांगेत माणसं वर्षानुवर्षं उभी असतात. नवीन आलेल्याने कोणाकडून तरी त्याच्या नावावरचं घर पोटभाड्याने घ्यायचं, आणि त्यालाही घर भाड्याने देणाऱ्या मूळ कंपनीची परवानगी लागते. हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला आधी सापडले सबनीस. डोंबिवली पूर्वेचे, इथे बरीच वर्षं असलेले, मराठी ग्रुपवर सगळे त्यांना दादा म्हणायचे. पहिल्या व्हिडिओ कॉलला त्यांनी मला विचारलं, "वहिनी, कोपरीचा तो दत्तमंदिराजवळचा वडापाववाला अजून आहे का हो?" झालं, आम्ही विरघळलो. त्या वडापाववाल्याने आमचं केवढं नुकसान केलंय हे त्या बिचाऱ्याला माहीतही नाही.

नितीन म्हणाला, "काहीतरी लेखी घ्यायला पाहिजे." पण विचारणार कोण? गोरा घरमालक असता तर आम्ही दहा कागद मागितले असते आणि वकिलाला दाखवले असते. आपल्याच माणसाला कागद माग म्हटल्यावर नितीनच्या तोंडातून शब्द फुटेना. कसंबसं चाचरत बोलला, तर सबनीस मोठ्याने हसले. "अरे, आपल्यात कसले कागद?" आणि आम्हालाच लाज वाटली. आम्ही, म्हणजे कोलशेतला साधा भाडेकरू ठेवताना पोलीस व्हेरिफिकेशनपासून सगळं करून घेतलेली माणसं.

अट एकच होती. दारावर नाव लावायचं नाही. इथे प्रत्येक दाराला पत्रं टाकायची फट असते आणि तिच्यावर राहणाऱ्याचं नाव. आमच्या दारावर सबनीस. आमची पत्रं यायची ती 'केअर ऑफ सबनीस'. बँकेचं, शाळेचं, ओवीच्या दाताच्या डॉक्टरचं, सगळं त्याच नावाखाली. पाटी पंच्यातच राहिली, कपाटात, सुटकेसच्या मागे. बाबा दर रविवारी विचारायचे, "लावलीस का गं?" मी म्हणायचे, इथे भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. ते खरंच होतं.

पूर्ण हिवाळा तसाच काढला. दुपारी तीनला अंधार, आणि घरात दुसऱ्याच्या नावाखाली वावरायचं. मी तेव्हा नोकरी शोधत होते. ठाण्यात बारा वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई इथे भाषेच्या क्लासला बसून 'माझ्याकडे एक सफरचंद आहे' म्हणत होती. जिन्यात समोरच्या दारातली म्हातारी भेटायची, माझ्याशी कधी बोलली नाही, पण ओवीला बघून हात हलवायची आणि म्हणायची, "हेय, छोटी सबनीस." मार्चमध्ये एकदा ओवी बूट काढता काढता अगदी सहज म्हणाली, "आई, आपण इथे सबनीस आहोत ना? मी शाळेत काय सांगू?"

दोन दिवसांनी पाडवा होता. मी कपाटातून पाटी काढली. नितीन म्हणाला, "स्मिता, दादांना काय सांगायचं?" मी म्हटलं, दादांना सांग, पाडवा आहे. खिळा ठोकला नाही, चिकटपट्टीचा हुक आणून लावला. वर कापडी झेंडूचं तोरण. नाव लागल्यावर चहा टाकला. फोटो बाबांना पाठवला आणि बाबांनी तो अख्ख्या बिल्डिंगला पाठवला, तुम्ही सगळ्यांनी त्याला हात जोडलेली चित्रं लावलीत, आठवत असेल.

त्याच आठवड्यात बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस जिन्यातला दिवा बदलायला आला. दार बघितलं, तोरण बघितलं, आपल्याला वाचता न येणाऱ्या पितळी अक्षरांचा फोटो काढला आणि बेल वाजवून अगदी सभ्यपणे विचारलं, इथे कोण राहतं? मी म्हटलं, आम्ही. दुसरं काय सांगणार होते? महिन्याभरात सबनीसांचा करार रद्द झाला. परवानगीशिवाय घर दिलं म्हणून. आमचाही मुक्काम उठला. तेव्हाच कळलं, की साहेबांनी शहराबाहेर बागेसकट घर विकत घेतलंय आणि या फ्लॅटचं ते स्वतः जेवढं भरत होते त्याच्या जवळपास दुप्पट आमच्याकडून घेत होते.

ते घरी आले. सोफ्यावर बसले आणि ओवीच्या देखत म्हणाले, "वहिनी, एका पाटीसाठी माझं घर घालवलंत. आपलीच माणसं म्हणून ठेवलं होतं." माझं डोकं असं फिरलेलं, की मराठीत काय बोलावं तेच सुचेना, आणि भाषेच्या क्लासात तोवर रागाचा धडा झाला नव्हता. चहा मात्र मी दिला. आलं घालून. दारात आलेल्या माणसाला चहा विचारायचा, ही आईने लावलेली सवय, हात आपोआप चालतात. त्यांनी तो सावकाश प्यायला, साखर थोडी कमी आहे म्हणाले आणि गेले. त्या कपाचा राग मला अजून आहे.

ग्रुपवर कोणी आमची बाजू घेतली नाही. एकीने लिहिलं, जरा समजून घ्यायला हवं होतं, दादांनी किती जणांना आसरा दिला. आसरा म्हणे. त्या वर्षी गणपतीत आम्हाला कोणी बोलावलं नाही आणि मी घरी मोदक केले, एकवीसच्या एकवीस तिघांनी खाल्ले.

मधले महिने आम्ही एका बाईच्या तळघरातल्या खोलीत काढले. एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, बाहेर बघितलं की लोकांचे बूट दिसायचे. तिथे नितीन एकदा म्हणाला, "तुम्ही दोघी परत जा. मी एकटा कुठेही राहीन, पैसे पाठवीन." वाईट माणूस नाही तो, थकलेला. पण परत कुठे? कोलशेतच्या दारावर भाडेकरूचं नाव, हप्ता त्याच्या भाड्यावर चाललेला. कोपरीला बाबांकडे दीड खोलीत, आणि ओवीचा बाप फोनमध्ये. मी म्हटलं, तिघं राहू नाहीतर तिघं जाऊ, निम्मं घर मला नको. तेवढ्यात बाबांचा फोन. त्यांना सगळं कळलं होतं. म्हणाले, "माझ्यामुळे झालं. ती पाटी फेकून दे." जन्मात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हटलं, तुम्ही हे बोलायचं नाही. पलीकडे कोपरीचा भाजीवाला ओरडत होता. मग म्हणाले, "बरं, पंच्यात नीट गुंडाळून ठेव, पितळ काळं पडतं."

शेवटी मला एका शाळेत मदतनिसाची नोकरी लागली, आणि दोन पगार दाखवल्यावर शहराच्या टोकाला, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपच्याही पुढे, एक घर मिळालं. लेखी करार, आमच्या नावावर, दोघांच्या सह्या. दारावरच्या फटीवर कंपनीने स्वतःच्या प्लास्टिकच्या अक्षरांत 'गावडे' लावून दिलं. बाहेर दुसरं काही लावायचं नाही, तोरणसुद्धा नाही, नियम आहे.

तर मानपाड्याची मुलगी. नवरा इथे येतोय, पदरात दोन वर्षांचं बाळ, आणि घर मिळवून देणारे एक दादा भेटलेत, डोंबिवलीचेच, फार आपुलकीने बोलतात. नाव तिने सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं. मी म्हटलं, आधी कागद माग, आणि घराच्या कंपनीची परवानगी माग. ती म्हणाली, "आपल्या माणसाला असं विचारायला कसंतरीच वाटतं हो ताई." मला माहितीये गं, कसं वाटतं. तरी विचार. तो हसला, तर फोन ठेव. आणि तोवर कुठेच सोय झाली नाही, तर आमच्या हॉलमध्ये गादी टाकते, फुकट. कागद मागितलास तरी मी हसणार नाही.

पाटी मी नव्या घराच्या दाराला आतल्या बाजूने लावली. इथे खिळा चालतो, विचारून घेतलं. बाबा व्हिडिओवर बघून म्हणाले, "उलटी लावलीस की." मी म्हटलं, उलटी नाही, आतल्यांनी वाचायची आहे. ओवीचं मराठी वाचन आता तेवढंच उरलंय, सकाळी बूट घालताना बोट फिरवत वाचते, आणि खाली आपलं नाव पेन्सिलीने तिने स्वतःच लिहिलंय. ते पितळी करून घ्यायचं बाबांनी मनावर घेतलंय.

घर म्हणजे काय असं मला आता कोणी विचारलंच, तर कोपरी, कोलशेत, गोथेनबर्ग यातलं कुठलंच नाव मी घेणार नाही. परवा सबनीसांचा मेसेज आला, झालं गेलं विसरू, एकदा तुमच्याकडे यायचंय. येऊ देत. प्लास्टिकची अक्षरं वाचून त्यांना बेल मारावी लागेल. दार मी उघडीन, पण चहा विचारणार नाही. आईची सवय मोडायला मला स्वतःच्या नावाचं दार लागलं.