आधी हलगी शेका

मोर्च्याच्या आमच्या जुन्या हलगीला हडपसरच्या एका काकांनी नवं कातडं चढवून दिलं. "ढगाळ हवेत आधी शेका, ताई, नाहीतर भाकरी थापल्यासारखी वाजेल," त्यांनी बजावलं होतं. बिल्डरच्या ऑफिससमोर अगदी तशीच वाजली. मजुरांच्या वस्तीचं पाणी तोडणारा हा माणूस साधी खिडकीही उघडेना! जाळायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी लिहिलेली पत्रकंच पेटवली. हलगी अशी कडाडली की साहेब धावतच खाली आले.

"अहो, बंद करा! मागण्यांचं पत्रक कुठंय?"

"हलगी शेकायला जाळलं," मी म्हणाले आणि मागण्या तोंडपाठ म्हणू लागले. प्रत्येक मागणीनंतर हलगी. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सहाव्या मागणीला साहेबांनी हात जोडले आणि आमच्यासमोरच टँकरवाल्याला फोन लावला.