अकरा अंडी आणि घाबरी मावशी

घाबरी मावशी कशाला घाबरायची याची यादी करायला बसले तर संध्याकाळ होईल. पोस्टमन, होडी, पालीची चुकचुक, खाकी कपडे, भरलेली घागर. घागर हातातून निसटेल म्हणून ती अर्धीच भरायची आणि मग विहिरीवर दुप्पट खेपा घालायची. पण खुडूक कोंबडी पिसं फुगवून अंड्यांवर बसलेली असली, जवळ येईल त्याला चोच मारत असली, की ही बाई तिच्या पोटाखाली खुशाल उघडा हात घालायची. मनगटावर रक्त आलं तरी म्हणायची, "बस गो बस, माझी बाय ती."

ठाण्याला मिठागरांच्या बाजूला तिचं कौलारू घर होतं आणि पुढच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. माझं नुकतंच लग्न झालेलं, वय एकोणीस. आमचे हे सकाळी सातला कचेरीत जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. धीटपणाच्या नावानं माझाही आनंदच होता. एका छपराखाली दोन भित्र्या बायका म्हणजे काय सांगू! वाऱ्यानं कौल हललं की ती मागून ओरडायची, "काय गो झालं?" आणि मी पुढून ओरडायची, "मावशी, काय झालं?" मग दोघी मधल्या दारात येऊन एकमेकींचा हात धरून उभ्या.

"भितो तोच राखतो गो," असं ती मला सांगायची. "धीट मानूस घोरत पडतो." एवढं बोलून खुराड्याची कडी तिसऱ्यांदा तपासायला जायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मानमोडीची साथ आली. आठ दिवसांत मावशीच्या अठरा कोंबड्या माना टाकून मेल्या. प्रत्येकीला तिनं नावानं हाक मारत, रडत पुरलं. उरली एक तांबडी, आणि गेलेल्यांनी मागे ठेवलेली अकरा अंडी. नशीब म्हणायचं, तांबडी त्याच आठवड्यात खुडूक झाली. "माझ्या सासूनं माहेराहून आनलेली ही जात," मावशी म्हणाली. "ही अंडी उबली नाय तं सगला खेल खलास. मना लई भ्या वाटतं."

तिनं पडवीत पेंढा घालून टोपली मांडली. तांबडीनं मध्येच नवं अंडं घातलं तर ओळखू यावं म्हणून प्रत्येक अंड्यावर कोळशानं फुली काढली. आभाळ गडगडलं की अंड्यातलं पिल्लू दचकून मरतं, म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवायची तिच्या सासूची रीत. पण त्या वर्षी डोंगराच्या पायथ्याशी खाण सुरू झाली होती आणि दुपारी सुरुंग उडायचे. मावशीनं दोन दिवस विचार केला आणि आणखी एक खिळा ठेवला. एक ढगाला, एक सुरुंगाला. मी हसले तर माझ्यावर डाफरली.

सतराव्या दिवशी खाडीपलीकडून निरोप आला, लेक अडली आहे. मावशीला लेकीची भीती, होडीची भीती आणि अंड्यांची भीती, तिन्ही एकदम. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "दिसातून एकदा तिला उठव. दानापानी दे, इकडंतिकडं फिरू दे आन लगेच आत घाल. अंडी थंड पडू देव नको. तुझ्याबिगर कोन हाय मना?"

अहो, ज्या घरात अंडं हा शब्दसुद्धा कुणी काढत नसे, त्या घरातली मी! पण नाही म्हणायची ताकद कुणात होती?

पहिल्या दिवशी टॉवेलात गुंडाळून तांबडीला उठवलं. पार घाम फुटला, पण निभावलं. दुसऱ्या दिवशी ती अंगणात दाणे टिपत होती आणि सुरुंग उडाला. नेहमीपेक्षा मोठा. भांडी खणखणली. तांबडी कर्कश ओरडत कुंपणावरून उडाली आणि मिठागरांच्या बांधांवर दिसेनाशी झाली.

मी बांधापर्यंत धावले, हाका मारल्या. कुठली येतेय! परत येऊन टोपलीत हात घातला तर अंडी जेमतेम कोमट उरली होती. मावशी परत येईल, टोपलीपुढे बसेल, आणि मी काय तोंड दाखवू? विचार करायला वेळच नव्हता. अकराच्या अकरा अंडी पदरात घेतली, पोटाशी धरली आणि पडवीच्या कोपऱ्यात बसले. हलले तर फुटतील, श्वास जोरात घेतला तर फुटतील. कौलात काहीतरी सरपटलं. साप असणार, अंड्यांच्या वासानं आलेला! ओरडायचीही सोय नाही. रामरक्षा सुरू केली तर दुसरी ओळच आठवेना. त्या दुपारइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही, आणि घाबरूनही जागेवरून हलले नाही, अशीही ती एकच दुपार.

तास-दीड तासानं तांबडी आली. माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि रिकाम्या टोपलीभोवती फिरायला लागली. मी एकेक अंडं परत ठेवलं. तिनं मला दोनदा टोचलं आणि बसली.

विसाव्या दिवशी मावशी आली. लेक सुखरूप होती, नात झाली होती. मी तिला काहीच सांगितलं नाही. तिनं परातीत कोमट पाणी घेतलं आणि अंडी अलगद सोडली. आत जीव असेल तर अंडं पाण्यात हलतं. आम्ही दोघी परातीवर वाकून पाहत राहिलो. काहीच नाही. मग एक अंडं डुललं. मग दुसरं. अकरातली नऊ डुलली. मावशी रडायलाच लागली आणि मी तिच्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी पडवीत चिवचिवाट सुरू झाला. माझं धुतलेलं लुगडं दोरीवर होतं. पदरावर काळे डाग पाहून मावशी थांबली. ती म्हणाली, "कोलशाचा डाग हाय. रिठ्यानं जाल," आणि पिल्लांना कण्या घालायला निघून गेली.

पुढच्या वर्षी आम्ही डोंबिवलीला बिऱ्हाड हलवलं. मला तेव्हा सातवा महिना होता. निघताना मावशीनं माझ्या मुठीत एक खिळा दाबला. "बालंतपनात उशाखाली ठेव. सुरुंगाचा हाय, जास्त जोराचा." मी ठेवला. कळा सुरू झाल्या त्या रात्री तर तो रात्रभर मुठीतच होता म्हणा ना.

मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर त्याला दाखवायला ठाण्याला गेले, तर मावशी पावसाळ्यातच गेली होती. मला कुणी कळवलं नव्हतं. अंगण मात्र तांबड्या कोंबड्यांनी भरलेलं. दारात तिची लेक होती. मी नाव सांगितलं तशी तिनं मला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"म्हंजे ती तुमीच का?" ती म्हणाली. "आय येनाऱ्या-जानाऱ्याला या कोंबड्या दाखवायची. म्हनायची, यांना दोन आया. एक तांबडी, नि एक माझी भाडेकरीन."