आधी पायाखाली बघा, डॉक्टर!

आमच्या हेल्थ पोस्टच्या कपाटात जुनी रजिस्टरं ठेवायला जागा नाही, आणि माझ्या डोक्यात किस्से ठेवायला. रजिस्टरं निदान वाळवी तरी खाते. किस्से कोण खाणार? मग चहाच्या वेळी मी सांगत सुटते, आणि आमच्या पोरी म्हणतात, "सिस्टर, हा ऐकलाय." ऐकला असशील गो, परत ऐक! फुकट सांगतेय ना?

मी सावंत सिस्टर. आरे कॉलनीतल्या पाड्यांवर सतरा वर्षं लसी टोचत फिरतेय. दरवर्षी आमच्याकडे ट्रेनिंगचे तरुण डॉक्टर येतात. पुढे त्यांना गडचिरोली, नंदुरबार अशा लांबच्या गावांत काम करायचं असतं. त्याआधी वर्षभर आमच्या पाड्यांवर त्यांचा हात बसवतात. गेल्या बॅचमधला अनिश माझा सगळ्यात लाडका. पार्ल्याचा मुलगा, घर मराठी पण शाळा इंग्लिश मीडियम. स्टेथोस्कोप नवाकोरा, बूट त्याहून नवेकोरे.

पहिल्या दिवशी त्यांचे सर सगळ्या बॅचला वडाखाली उभं करून समजावत होते. "हे पॉप्युलेशन हेल्थ आहे. एका पेशंटकडे बघायची सवय सोडा. नजर वर करा, अख्ख्या वस्तीकडे बघा!"

अनिशने नजर वर केली, एक पाऊल पुढे टाकलं, आणि थेट घोट्यापर्यंत शेणात. बाजूलाच म्हशींचं युनिट, म्हणजे तबेला, दुसरं काय असणार?

मी म्हटलं, "सर, आमच्याकडे आधी पायाखाली बघायला शिकवतात."

*

मग सर्व्हे सुरू झाला. अनिश फॉर्म घेऊन शेवंताबाईच्या दारात उभा. ही शेवंताबाई म्हणजे पाड्याचं वर्तमानपत्र! तिला कळलं नाही असं काही पाड्यात घडतच नाही.

अनिशने अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, तुम्हाला माणसं किती?"

आता त्याला बिचाऱ्याला विचारायचं होतं, घरात माणसं किती. पण आमच्या बायका नवऱ्यालाच 'माझा माणूस' म्हणतात. शेवंताबाईने कमरेवर हात ठेवले.

"एकच हाय! तुझ्या आईला किती हायत?"

तो फॉर्म त्याने माझ्या हातात दिला आणि झाडामागे जाऊन बसला. मी हसून हसून बेजार. पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी तो परत त्याच दारात गेला, कान पकडले आणि आत बसून चहा पिऊन आला. त्याच दिवशी मला वाटलं, हा पोरगा टिकेल.

*

एकदा त्याने शुगर असलेल्या लोकांना एकत्र बसवून भाषण दिलं. झकास बोलला हां! भात कमी करा, गोड कमी करा, आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास चाला.

मागून एक म्हातारबा म्हणाले, "संध्याकाळी इथून बिबट्या चालतो, डॉक्टर. दोघं बरोबर चालू काय?"

अनिशने लगेच वहीत लिहिलं, 'सकाळी चाला.' मी म्हटलं, बिबट्याला पण विचारून घे एकदा, त्याला कुठली वेळ सोयीची आहे!

*

आता सुनीताचं ऐका. ही शेवंताबाईची शेजारीण, पोरसवदा, अबोल. एका दुपारी शेवंताबाईने माझ्यासमोरच अनिशला गाठलं आणि हळू आवाजात बातमी दिली. "डॉक्टर, सुनीताला दिवस गेलेत."

अनिशचा चेहरा पडला. त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "वाईट वाटलं ऐकून. कधी गेले?"

"मेल्या, हात कसले जोडतोस!" मी ओरडलेच. "पोटुशी आहे ती! पोटुशी!"

शेवंताबाई तोंडाला पदर लावून घरात पळाली. अनिश लाल झाला. पण मी हसले ते तेवढ्यापुरतंच. कारण सुनीताचं पहिलं बाळ घरीच झालं होतं आणि तासाभरात गेलं होतं. आता परत दिवस, त्यात बीपी वर. घरी बाळंत होऊ दिलं तर ह्या खेपेला बाळाबरोबर तीसुद्धा जाईल, ही भीती मला होती. आणि बाई हॉस्पिटलचं नाव काढलं की नुसती मान हलवायची. "नाय जायाचं मला." का, तर "नायच जायाचं."

मी समजावलं, ओरडले, एकदा तर तिच्यासमोर रडलेसुद्धा. दगडावर पाणी!

*

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं सगळं अनिशने केलं. सुनीता हॉस्पिटलला का जात नाही, ह्यावर त्याने मोठा चार्ट बनवला. सात कारणं, सात रंग. अंतर, गाडी, भीती, शिक्षण, अंधश्रद्धा, आणखी काय काय. सर खूश! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, "ह्यातलं सुनीताने सांगितलेलं कुठलं?"

तो म्हणाला, "सिस्टर, तिला कोणी विचारलं तर ती बोलत नाही ना."

"मग विचारू नको. जाऊन बस नुसता."

गेला. फॉर्म नाही, पेन नाही. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती, हासुद्धा सोलायला लागला. नखं भाजली असतील पोराची! दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी ती आपणहून बोलली.

त्यांच्या घरात बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. पहिल्या खेपेला ती एकटीच हॉस्पिटलला गेली होती. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, नवऱ्याचं नाव सांग. ही गप्प. परत विचारलं, ही गप्पच. तेव्हा आतला माणूस म्हणाला, "नवरा आहे ना नक्की?" आणि मागची अख्खी लाइन हसली.

ती तशीच घरी आली. परत गेलीच नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

अनिश माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "सिस्टर, माझ्या चार्टवर हे कारण नाहीच आहे." मला त्या खिडकीतल्या माणसाचा असा संताप आला! आणि माझा स्वतःचासुद्धा. दोन वर्षं मी तिला अडाणी समजत होते.

अनिशने सुनीताला शब्द दिला. "ताई, खिडकीवर मी येतो. नाव मी सांगतो. तुम्ही तोंड उघडायचं नाही." लसूण बाजूला ठेवून ती म्हणाली, "मग येते."

*

मुलगी झाली आणि माय-लेकी ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मध्येच कोणीतरी 'पुढे काय झालं, पुढे काय झालं' करतं, आणि माझी लिंक तुटते.

भरदुपारी कळा सुरू झाल्या. नवरा टेम्पो घेऊन बाहेर, फोन लागेना. घाईघाईत रिक्षात बसलो, मी, अनिश आणि सुनीता. हॉस्पिटलला पोचलो. आधारकार्ड? घरी फळीवर! खिडकीवर तोच माणूस, मागे तेवढीच लाइन. सुनीता माझा दंड गच्च धरून उभी.

"नवऱ्याचं नाव?"

अनिश पुढे झाला, छाती काढून. पिशवीतून सर्व्हेचा फॉर्म काढला, बोट ठेवलं, आणि त्याचं बोट तिथेच थांबलं. मी वाकून बघितलं. 'पतीचे नाव' ह्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'हे'.

पहिल्या दिवशी त्याने तिला विचारलं होतं. तिने "हे" म्हणून खाटेवर झोपलेल्या नवऱ्याकडे बोट केलं होतं. आणि ह्या शहाण्याने लिहून टाकलं होतं!

वाट लागली! अनिशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाळ्या! सगळे त्याला बाळ्या म्हणतात!"

"बाळ्या चालत नाही. कागदावरचं नाव सांगा."

आता आली का पंचाईत? सतरा वर्षं मी त्या माणसाला बाळ्याच म्हणत आलेय. लाइनमध्ये कुजबूज सुरू झाली. कोणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं, संपलं, ही आता मागे फिरणार.

सुनीताने माझा दंड सोडला. पदर खोचला, खिडकीच्या दांडीला धरलं, आणि कळ दाबून धरत खणखणीत आवाजात सुरू झाली,

"आरेच्या रस्त्याला झाडी घनदाट,
चंद्रकांतरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट!"

अख्ख्या लाइनने टाळ्या वाजवल्या. मागून एक मावशी ओरडली, "वा गो बाय!" खिडकीतल्या माणसाने मान खाली घालून नाव लिहिलं. मग हळूच विचारलं, "ताई, वय?"

"वयाचा उखाणा येत नाय मला! आधी आत घ्या!"