अर्धा दोर

वहिनीला कशाची किळस येत नाही, असं कुणी विचारलं असतं तर घरच्यांना बराच वेळ डोकं खाजवावं लागलं असतं. ओल्या पायपुसण्याची यायची. दुसऱ्याच्या कंगव्यातल्या केसांची यायची. बेसिनच्या जाळीत अडकलेलं खरकटं काढताना तर ती भिंतीकडे तोंड करायची आणि नुसत्या हाताने चाचपडायची. आणि अशा बाईच्या नशिबी काय यावं? लोकांनी दिवसभर घातलेले रबरी सूट धुणं! घामाने भिजलेले, आणि आणखी कशाकशाने. कशाकशाने ते तिला विचारू नये. थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उतरलं की भल्याभल्यांना काय होतं, ते धुणाऱ्यालाच ठाऊक.

धंदा दोघा भावांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा आणि धाकट्या दिराचा. डोंगरातल्या एका अरुंद घळीतून हौशी पाहुण्यांना दोराने खाली उतरवायचं. धबधब्याच्या कडेने लोंबकळायचं, डोहातून पोहायचं, खालच्या पुलाशी बाहेर पडायचं, फोटो काढायचे आणि घरी जायचं. नवऱ्याचा गुडघा गेला तेव्हापासून तो गाडी चालवायचा आणि घळीत त्याच्या जागी वहिनी उतरायची. पाहुणेसुद्धा तिला वहिनीच म्हणायचे. आणि खोटं कशाला बोला, तिला ते काम आवडायचं. घरातल्या सगळ्या चिकट, ओलसर, कुबट गोष्टींपेक्षा तिथलं वाहतं पाणी स्वच्छ होतं. तळाचा दगड न् दगड दिसायचा.

धाकट्याचं मात्र निराळं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो शेंबूड बाहीला पुसायचा, आणि तिच्या मते त्यानंतर फक्त बाही बदलली होती. हसरा, बोलका, पाहुण्यांचा लाडका. कामात दगड! वापरलेले दोर वाळत घालायचे असतात, हा नियम त्याच्या गावीही नव्हता. ओला दोर पिशवीत कोंबला, तोंड आवळलं, पिशवी कोपऱ्यात भिरकावली की झालं. काही म्हटलं की ठरलेलं उत्तर, "चालतंय की वहिनी, काय होतंय!"

त्या दिवशी सकाळी सामानाच्या खोलीत ती नेहमीप्रमाणे एकेक वस्तू तपासत होती. हेल्मेटचे पट्टे, कमरेचे हार्नेस, लोखंडी कड्या. मुख्य दोर तिने हातभर-हातभर करत पूर्ण ओढून पाहिला. मग जादा दोराची पिशवी आली. हा दोर कधी लागायचा नाही, पण सोबत नेल्याशिवाय घळीत पाऊल टाकायचं नाही, हा तिच्या नवऱ्याचा दंडक होता. तिने पिशवीची गाठ सैल केली मात्र, आतून भपकारा आला. मेलेल्या उंदरासारखा.

"शी! काय कुजवलंयस रे यात?"

"दोरच आहे हो. जरा बुरशी धरली असेल," धाकटा म्हणाला. "घेतो मी पाठीवर. तुम्ही नका हात लावू."

वहिनीने नाक दाबून गाठ परत आवळली. उघडून पाहिलं नाही. सगळं तपासणाऱ्या बाईने एवढी एकच पिशवी सोडली, आणि तीही वास येतो म्हणून.

पाहुणे चौघे होते. एक नवरा-बायको आणि दोन मित्र. मित्रांपैकी एकाच्या हेल्मेटवर कॅमेरा बसवलेला होता आणि तो सकाळपासून स्वतःशीच बोलत होता. आभाळ निळंशार. दुपारपर्यंत सगळं सुरळीत गेलं. शेवटून दुसऱ्या कड्यावर नेहमीच्या पद्धतीने वहिनी आधी उतरली, मग एकामागून एक पाहुणे. धाकटा वर शेवटी थांबला.

दोराचं काम असं असतं. तो वरच्या कडीतून दुहेरी सोडतात. शेवटचा माणूस खाली आला की एक टोक ओढायचं, दोर सरसरत खाली येतो आणि पुढच्या कड्याला कामी येतो. पण एकदा ओढला की परत वर जायची वाट बंद. म्हणून ओढण्याआधी क्षणभर थांबून पाणी बघायचं, हे त्यांच्यात अगदी ठरलेलं. कारण पुलाच्या आधी घळीबाहेर पडायची एकुलती एक पायवाट त्या कड्याच्या माथ्यावरूनच होती.

वहिनीने पाणी बघितलं. पायाशी काठावर पिवळसर फेस साचत होता. त्यात काटक्या, सडका पाला आणि कुणा बाळाचा वापरलेला लंगोट. मघाशी तळ दिसत होता, आता चहाच्या चोथ्यासारखं गढूळ. इथे ऊन होतं म्हणून काय झालं, वर डोंगरापलीकडे कुठेतरी पाऊस कोसळला होता.

एव्हाना धाकटा उतरून आला होता आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून दोराचं महत्त्व समजावून सांगत होता. "आणि आता बघा हं, ही जादू!" असं म्हणत त्याने टोक ओढायला सुरुवात केली.

"थांब! ओढू नकोस!" वहिनी डोहाच्या पलीकडून ओरडली. पाण्याच्या आवाजात तिचं ओरडणं विरून गेलं. दोर सळसळत वरून सुटला आणि त्याच्या पायाशी येऊन पडला. कॅमेरावाल्याने टाळ्या वाजवल्या.

पुढचं तर याहून वरताण. धाकट्याने दोर पिशवीत भरला आणि पोहताना ओझं नको म्हणून पिशवी पुढे डोहात फेकली. पिशवी तरंगावी म्हणून तिच्यात एक रिकामी, घट्ट बुचाची बाटली ठेवायची असते. त्याने ती सकाळी काढून टाकली होती, का तर पिशवीत मावत नव्हती! पिशवी गटांगळी खाऊन अर्धी बुडाली आणि वाढलेल्या ओढीने सरळ शेवटच्या कड्याकडे निघाली. वहिनीने झेप घेतली. पिशवीचा पट्टा तिच्या बोटांना लागला, बुळबुळीत, शेवाळलेला, आणि निसटला. पिशवी कड्यावरून खाली गेली.

"चालतंय," धाकटा म्हणाला, पण आवाज पडला होता. "जादा दोर आहे ना."

त्याने पाठीवरची पिशवी उघडली. पुन्हा तोच भपकारा. वहिनीने या वेळी नाक दाबलं नाही. तिने दोन्ही हात आत घातले, तो ओला, काळपट, बुरशीने माखलेला दोर उपसायला लागली आणि उपसता उपसता तिचे हात थांबले. दोर संपला होता. टोक सुरीने कापलेलं होतं.

"उरलेला कुठे आहे?"

धाकटा पिशवीचा पट्टा चाचपायला लागला.

"मेल्या, मी काय विचारतेय?"

"परसात," तो चाचरत म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, ओले सूट जमिनीवर टाकू नका, किळस येते, वाळत घालायला दोरी बांध म्हणून. तेव्हा बाजारात जायचा कंटाळा आला होता. म्हटलं, हा दोर कधी लागतोय!"

गेले कित्येक दिवस ती त्याच दोरीवर सूट वाळत घालत होती. चांगली दणकट दोरी आणलीस हो, असं एकदा कौतुकही केलं होतं. तिला धाकट्याची किळस आली. मग स्वतःच्या नाकाचीही आली. पण पाणी आता गुडघ्याच्या वर आलं होतं आणि पाहुण्यांतली बायको रडायला लागली होती.

"रडू नका ताई," वहिनी म्हणाली. "मी आधी उतरते. खाली मी आहे."

कडा चांगला चार मजली. दोर दुहेरी करायचा प्रश्नच नव्हता. एकेरी बांधला, वर होते नव्हते तेवढे सगळे पट्टे एकाला एक जोडून लांबवला, तरी टोक डोहापासून दीड पुरुष वर लोंबकळत राहिलं. तिथून हात सोडून खाली पडायचं. एरवी त्यात काही नव्हतं. या डोहात मुलं उड्या मारायची.

वहिनी टोकाशी आली आणि तिने खाली बघितलं. संपूर्ण डोहावर तपकिरी फेसाचा थर. त्यात बाटल्या, थर्माकोल, कुजका पाला आणि कडेला फुगून वर आलेली एक मेलेली शेळी, चारही पाय आभाळाकडे. तिने डोळे मिटले, तोंड घट्ट मिटलं आणि सोडून दिलं. बाहेर आली तेव्हा ते पाणी नाकात होतं, दातांत कचकचत होतं. ती एकदा ओकली. मग तिने हात वर करून खूण केली.

एकेक पाहुणा धपकन पडला आणि एकेकाला तिने पट्ट्याला धरून काठावर ओढलं. कॅमेरावाला वर येताच म्हणाला, "वहिनी, ती शेळी जरा बाजूला करता येईल का? फ्रेममध्ये येतेय." तिने त्याचं हेल्मेट धरून तोंड दुसरीकडे फिरवलं.

धाकटा शेवटी निघाला तेव्हा धबधबा दुप्पट झाला होता. कडेने उतरायला जागाच उरली नव्हती. तो अर्ध्यावर आला आणि पाण्याच्या लोंढ्याने त्याला झाकून टाकलं. दोर थरथरला, ताणला गेला, मग एकदम सैल पडला. वहिनी बघत राहिली. तो वर येईना. ती श्वास रोखून बघत राहिली, तरी येईना. मग फेसातून काहीतरी वर आलं ते शेळीच्या शेजारी, आणि तेही तोंड खाली करून.

"अगं आई गं!" ती ओरडली आणि परत त्या घाणीत शिरली.

पाहुण्यांपैकी नवरा मदतीला धावला. दोघांनी मिळून त्याला खडकावर घेतलं. ओठ निळे, छाती हलत नव्हती. तोंडात पाला, चिखल आणि सकाळचा नाश्ता. वहिनीने दोन बोटं घालून ते सगळं बाहेर काढलं. या वेळी ती भिंतीकडे तोंड करू शकत नव्हती, बघूनच काढावं लागलं. मग त्याचं नाक चिमटीत धरून तिने तोंडाला तोंड लावलं.

अशा वेळी म्हणे माणसाला कशाचं भान राहत नाही. साफ खोटं! वहिनीला सगळ्याचं भान होतं. आंबट चव होती, वास होता, दाढीचे खुंट होते, ओठावरून घसरणारी बुळबुळीत लाळ होती. प्रत्येक वेळी तोंड उचललं की तिला उमळून यायचं, ती बाजूला थुंकायची आणि परत तोंड लावायची. छाती दाबायची आणि शिव्या घालायची. "आळशी मेला! घाणेरडा! ऊठ! घरात बायको आहे तुझी, ऊठ!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. धाकट्याच्या घशातून घरघर निघाली आणि पोटातलं सगळं तपकिरी पाणी त्याने वहिनीच्या गळ्यावर ओकलं. ती हलली नाही. त्याचं डोकं एका कुशीवर वळवून धरून बसली आणि हमसून हमसून रडली.

पाहुण्यांनी त्याला उचलून पुलापर्यंत आणलं आणि तिथून वहिनीच्या नवऱ्याने गाडी थेट दवाखान्यात नेली. डॉक्टरने तपासलं, छातीचा फोटो काढला, संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं आणि मग घरी सोडलं. गाडीत धाकटा मागच्या सीटवर चादर गुंडाळून पडला होता. घर जवळ आलं तसा तो खोकत खोकत म्हणाला, "वहिनी, हिला काही सांगू नका हं. पाय घसरला म्हणू. उगाच डोक्याला ताप. तसंही काही झालं नाही ना शेवटी."

वहिनीने काच खाली केली आणि बाहेर थुंकली.

दार धाकट्या जावेने उघडलं. हाताला पीठ, चेहऱ्यावर काळजी. "एवढा उशीर? आणि हा काय अवतार केलाय तुम्ही? काय झालं जाऊबाई?"

धाकट्याने मागून खाकरून घेतलं.

"तुझा नवरा आज दुपारी मेला होता," वहिनी म्हणाली. "स्वतःच्या आळसाने मेला होता, आणि मी माझं नाक दाबून धरलं म्हणून मेला होता. मी त्याला परत आणलाय. आता तू बघ त्याच्याकडे, मला आंघोळ करायचीय."